योगर्ट, गोठविलेले

योगर्ट, गोठविलेले : विशिष्ट जंतूंच्या साहाय्याने आंबविलेल्या दुधात साखर, दुधातील घन पदार्थ, स्थिरीकारक (पोत टिकवून धरणारे पदार्थ) व स्वाद मिसळून आणि ते मिश्रण घुसळत घुसळत गोठवून तयार केलेला, आइसक्रीमसारखा मऊ पण चवीला किंचित आंबट असा दुग्धजन्य पदार्थ. आइसक्रीमपेक्षा त्यात स्निग्धांश कमी असतो आणि त्यातील जिवंत जंतू आरोग्याला हितकारक असतात, या दोन समजुतींमुळे १९७० नंतर प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व पुढे इतरत्र त्याचा प्रसार झाला. यांपैकी पहिली समजूत बहुतांशी खरी आहे. दुसरी मात्र पदार्थ कसा तयार केला, त्यात कोणते जंतू वापरले आणि खाण्याच्या वेळी त्यांपैकी किती जिवंत होते यांवर अवलंबून असल्याने तिचा सविस्तर विचार करणे आवश्यक ठरते.

दही व योगर्ट : योगर्ट हा शब्द मूळचा तुर्की असून मळणे, दाट करणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आलेला आहे. सामान्य व्यवहारात योगर्ट म्हणजे दही असेच समजले जाते; तथापि दुग्धतंत्रविद्येत दोहोंत फरक केला जातो. योगर्टसाठी लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस व स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफायलस या दोनच जंतूंचे संवर्धन वापरतात व ते ४२–४३° से. इतक्या उबेत वाढवितात. हे दोन जंतू परस्परांस पूरक असतात. स्ट्रेप्टोकॉकस प्रथम झपाट्याने वाढतो व फॉर्मिक अम्ल आणि कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करून लॅक्टोबॅसिलसाच्या वाढीस मदत करतो. उलट लॅक्टोबॅसिलस दुधातील प्रथिनांचे विघटन करून स्ट्रेप्टोकॉकसाला लागणारी ॲमिनो अम्ले पुरवितो. दोन्ही एकत्र असता दूध जितक्या लवकर आंबते तितके ते एकेकट्याने आंबत नाही. योगर्टचा विशिष्ट वास मुख्यतः ॲसिटाल्डिहाइड या संयुगामुळे येतो.

घरी लावलेल्या दह्यात आदल्या दिवसाचेच विरजण वापरले जाते. त्यातील जंतू मिश्र असतात. लॅक्टोकॉकस, ल्युकोनॉस्टॉक, लॅक्टोबॅसिलस इ. प्रजातींतील निरनिराळ्या जाती त्यात आढळतात आणि त्यांचे परस्परप्रमाण घरागणिक व ऋतुमानाप्रमाणे बदलते. काही वेळा त्यांत किण्वही (यीस्टही) असते. त्यामुळे दह्याची चव दररोज सारखी नसते. तसेच एका घरच्या दह्याविषयी केलेले विधान दुसऱ्या घरच्या दह्याला लागू होईलच असे नाही. योगर्टचा लाभ असा की, त्यात कोणते जंतू आहेत हे निदान तत्त्वतः तरी सांगता येते.

इतिहास : आंबविलेल्या दुधाचा व दीर्घायुष्याचा संबंध शास्त्रीय चर्चेत आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. पॅरिस येथील आंरी तिस्ये यांनी स्तनपान करणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेतून बायफिडोबॅक्टेरियम हे जंतू १९०० च्या सुमारास वेगळे केले. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थ्याने जिनीव्हा येथे काम करीत असता १९०५ मध्ये बल्गेरियन आंबट दुधातील दंडाकार जंतूचा शोध लावला. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी मोठ्या आतड्यात होणारी प्रथिनांची कुजण्याची क्रिया हे वार्धक्याचे एक कारण असून दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंनी तिला आळा बसतो, असे मत मांडले (१९०७). बल्गेरियातील खेडुतांच्या दीर्घायुष्याचा दाखला त्यांनी त्यासाठी दिला होता व ते स्वतः आंबट दूध नियमाने घेत असत. मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक (पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून) मिळाले ते मात्र प्रतिरक्षेवरील (रोगप्रतिकारशक्तीवरील) कार्याबद्दल, दुधाबद्दल नव्हे. ही गोष्ट लोकप्रिय लिखाणात पुष्कळदा विसरली जाते.

मेचनिकॉव्ह यांच्या कल्पनेतील उणीव लवकरच उघड झाली. येल विद्यापीठातील लिओ रेटगर व हॅरी चेपलिन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस हा जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही. लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफायलस हा आतड्यातच आढळणारा जंतू मात्र पुरेशा प्रमाणात दिल्यास तेथे वाढू शकतो. यानंतर संशोधनाचा रोख आंबट दुधाकडून विशिष्ट जंतूंकडे वळला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये आतड्यात टिकून राहणारा लॅक्टोबॅसिलसाचा एक वाण (एकाच जातीतील विशिष्ट गुणधर्मांचा गट) निवडून वाढविला व १९३५ पासून त्याचे पेय ‘याकुल्ट’ या नावाने विक्रीस आले.

गोठविलेल्या योगर्टचा इतिहास याहून फार अलीकडचा व मुख्यतः व्यापारी स्वरूपाचा आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एच. पी. हूड या दुग्धव्यवसाय कंपनीने १९७० च्या दशकात ‘फ्रोगर्ट’ या नावाने तो बाजारात आणला. त्याची आंबट चव प्रारंभी ग्राहकांना रुचली नाही. १९८१ मध्ये आर्‌कॅन्सॉ राज्यातील लिट्ल रॉक येथे ‘टीसीबीवाय’ या दुकानांच्या साखळीची सुरुवात झाली. चव गोड व आइसक्रीमच्या जवळची करण्यात आल्यानंतर आणि स्निग्ध पदार्थांविषयी धास्ती वाढल्यानंतर १९८०–९० या दशकात या पदार्थाला मोठी मागणी आली. म्हणजे ज्या आंबटपणामुळे तो योगर्ट म्हणून ओळखला जावयाचा तोच कमी केल्यावर तो लोकप्रिय झाला. पुढे ही लाट ओसरली. कॅलिफोर्नियातील वेस्ट हॉलिवुड येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘पिंकबेरी’सारख्या दुकानांनी आंबट चवीचे योगर्ट पुन्हा प्रचारात आणले आणि या वेळी जाहिरातीचा भर स्निग्धांशापेक्षा जिवंत जंतूंवर होता. त्यानंतरच्या काळात भारतातील मोठ्या शहरांतही अशी दुकाने निघाली.

निर्मिती : दुधातील स्निग्धांश ठरावीक प्रमाणात आणून त्यात दुधाची भुकटी मिसळतात व मिश्रण ८५° से. तापमानास सु. ३० मिनिटे किंवा ९०–९५° से. तापमानास सु. ५ मिनिटे तापवितात. या उष्णतेमुळे नको असलेले जंतू मरतात आणि देवमट्ठ्यातील (निवळीतील) प्रथिनांत बदल होऊन पुढे दही घट्ट लागते. मिश्रण ४२–४३° से. पर्यंत निवल्यावर त्यात जंतुसंवर्धन घालतात. चार-पाच तासांत पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक; तो जितका कमी तितकी अम्लता जास्त) ४·५ च्या आसपास आले म्हणजे ते ४–५° से. पर्यंत थंड करून किण्वन (आंबण्याची क्रिया) थांबवितात. नंतर त्यात साखर, स्थिरीकारक, पायसीकारक व फळांचा गर किंवा स्वाद घालतात. गोठविण्याचे यंत्र आइसक्रीमचेच असते. थंड नळकांड्याच्या आतील बाजूस धरणारा बर्फाचा पातळ थर पात्याने सतत खरवडला जातो व त्याच वेळी मिश्रणात हवा मिसळली जाते. यंत्रातून सु. −६° से. तापमानास बाहेर पडणारा मऊ पदार्थ तसाच कपात वाढतात किंवा −२५° से. वा त्याहून कमी तापमानास कडक करून −१८° से. तापमानात साठवितात.

वर वर्णिलेली पद्धत ही आदर्श पद्धत होय. प्रत्यक्षात तिच्यापासून फारकत घेणाऱ्या तीन रीती आढळतात. पहिलीत आइसक्रीमच्या गोड मिश्रणात थोडे योगर्ट घालतात; दुसरीत दूध आंबविलेच जात नाही, तर गोड मिश्रणात जंतूंची वाळविलेली भुकटी व आंबटपणासाठी सायट्रिक वा दुग्धाम्ल मिसळतात; तिसरीत आंबविलेले मिश्रण दीर्घकाळ टिकावे म्हणून पुन्हा पाश्चरीकृत करतात. या तिसऱ्या रीतीत जंतू मरतात व त्यांची एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) निष्क्रिय होतात. चवीवरून हे चारही पदार्थ वेगळे ओळखणे सामान्य ग्राहकाला शक्य नसते.

थंडीचा जंतूंवर होणारा परिणाम : गोठविल्याने योगर्टमधील जंतू मरतात, हा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. योगर्टच्या कारखान्यांना पुरविली जाणारी जंतुसंवर्धनेच मुळी खोल गोठविलेल्या अथवा गोठवून वाळविलेल्या स्वरूपात येतात आणि सूक्ष्मजीवांचे नमुने वर्षानुवर्षे टिकविण्यासाठी प्रयोगशाळांत द्रवरूप नायट्रोजनाच्या थंडीचाच उपयोग केला जातो. थंडीने जंतूंची वाढ व चयापचय थांबतो. बहुसंख्य जंतू सुप्तावस्थेत राहतात व ऊब मिळताच पुन्हा कार्यरत होतात.

असे असले, तरी गोठविण्याच्या क्रियेत काही हानी होतेच. मिश्रणातील पाणी प्रथम शुद्ध बर्फाच्या रूपाने वेगळे होते. त्यामुळे उरलेल्या द्रवातील साखर, क्षार व अम्ल यांची तीव्रता वाढत जाते आणि तर्षणामुळे (पातळ पटलातून होणाऱ्या पाण्याच्या वहनामुळे) जंतुकोशिकेतील पाणी बाहेर खेचले जाते. गोठण्याचा वेग कमी असेल, तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊन कोशिकापटलास इजा पोहोचते. वेग जास्त असेल, तर स्फटिक बारीक राहतात व इजा कमी होते. साखर, दुधातील प्रथिने व स्निग्ध पदार्थ हे जंतूंचे काही प्रमाणात रक्षण करतात, म्हणूनच साध्या पाण्यात गोठविलेल्या जंतूंपेक्षा योगर्टमधील जंतू अधिक टिकतात. गोलाकार स्ट्रेप्टोकॉकस हा लांबट लॅक्टोबॅसिलसापेक्षा अधिक चिवट ठरतो. बायफिडोबॅक्टेरियम हे जंतू ऑक्सिजनविरहित परिसरात वाढणारे असल्याने त्यांना थंडीपेक्षा घुसळताना मिसळलेली हवाच अधिक बाधते.

गोठविताना सामान्यतः जंतूंची संख्या निम्म्यापर्यंत आणि प्रतिकूल परिस्थितीत एक-दशांशापर्यंत खाली येते. एकदा पदार्थ कडक झाला व तापमान स्थिर राहिले की, पुढील काही महिन्यांत होणारी घट त्यामानाने थोडी असते. मात्र वाहतुकीत किंवा दुकानात पदार्थ अर्धवट वितळून पुन्हा गोठला, तर प्रत्येक वेळी बर्फाचे नवे व अधिक मोठे स्फटिक तयार होऊन नवी हानी होते. खरबरीत, बर्फाचे कण दाताखाली येणारे योगर्ट हे अशा हेळसांडीचे चिन्ह समजावे.

जंतूंच्या संख्येला थंडीपेक्षाही मोठी ओहोटी लागते ती विरलीकरणामुळे, आणि तिची चर्चा सहसा होत नाही. समजा, चांगल्या योगर्टमध्ये दर ग्रॅमला १० कोटी जिवंत जंतू आहेत. आइसक्रीमच्या मिश्रणात ते एक-पंचमांश प्रमाणात घातले, तर मिश्रणात दर ग्रॅमला २ कोटीच जंतू येतात. गोठविताना त्यांतील निम्मे मेले, तर १ कोटी उरतात. त्या पदार्थाच्या १०० ग्रॅमच्या कपात १०० कोटी जंतू असतील. तितक्याच वजनाच्या मूळ योगर्टमध्ये ते १,००० कोटी असतात. येथे नऊ-दशांश जंतू गेले हे खरे, परंतु त्यांतील मोठा वाटा थंडीने नव्हे, तर कृतीने नेलेला आहे. शिवाय गोठविलेल्या पदार्थात हवा भरलेली असते. एक लिटर मिश्रणाचे दीड लिटर झाले असेल, तर भरलेला कप दिसतो त्यापेक्षा वजनाने एक-तृतीयांशाने हलका असतो व जंतूंप्रमाणेच प्रथिने आणि कॅल्शियमही त्या मानाने कमी पोटात जातात.

प्रोबायॉटिक संकल्पना : ‘पुरेशा प्रमाणात दिले असता आश्रयदात्याच्या आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव’ अशा आशयाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञ गटाने २००१ मध्ये केली व किरकोळ शाब्दिक बदल करून २०१४ मध्ये ती पुन्हा मान्य करण्यात आली. या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला महत्त्व आहे. जंतू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा लाभ सिद्ध झालेला हवा. केवळ दूध आंबविणारा जंतू हा तेवढ्यावरून प्रोबायॉटिक ठरत नाही. लाभ हा जातीचा नसून बहुधा विशिष्ट वाणाचा असतो, म्हणून शास्त्रीय लिखाणात जंतूच्या नावापुढे वाणाची अक्षरे वा अंक देतात. एका वाणावरील प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्याला परस्पर लावणे चुकीचे होय. (लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची २०२० मध्ये २५ प्रजातींत विभागणी झाल्याने यांतील काही जंतूंची नावेही आता बदलली आहेत, बल्गॅरिकस व ॲसिडोफायलस यांची नावे मात्र कायम आहेत.)

आरोग्यावरील परिणाम : योगर्टच्या मूळ जंतूंचा सर्वांत भक्कमपणे सिद्ध झालेला लाभ दुग्धशर्करेच्या (लॅक्टोजच्या) पचनाशी निगडित आहे. दुग्धशर्करेचे विघटन करणारे लॅक्टेज हे एंझाइम बाल्यावस्थेनंतर जगातील सु. दोन-तृतीयांश लोकांच्या आतड्यांत कमी होत जाते. अशा व्यक्तींनी बरेच दूध प्याल्यास न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाऊन तेथे वायू धरतो, पोट फुगते व जुलाब होतात. योगर्टमध्ये दुग्धशर्करेचा काही भाग आधीच आंबून गेलेला असतो. पण तेवढ्यानेच ते सोसते असे नाही. जंतूंच्या कोशिकांत बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे लॅक्टेजसारखे एंझाइम असते. कोशिकेच्या आवरणामुळे जठरातील अम्लापासून त्याचे रक्षण होते व लहान आतड्यात पित्ताच्या संपर्काने आवरण फुटून ते मोकळे होते. उरलेल्या शर्करेचे विघटन तेथे हे परके एंझाइम करते. यासाठी जंतूंनी आतड्यात वस्ती करण्याची आवश्यकता नसते. त्यांनी तेथवर जिवंत पोहोचून फुटणे पुरेसे होते. मेचनिकॉव्ह यांच्या ज्या जंतूचा आतड्यात टिकाव लागत नाही म्हणून तो मागे पडला, त्याचा खरा उपयोग असा वेगळ्याच मार्गाने ठरला.

यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये हा एक दावा मान्य केला, पण त्यासाठी दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जंतूंची अट घातली. प्रोबायॉटिक जंतूंविषयी सादर झालेले इतर बहुतेक सर्व दावे पुराव्याअभावी अमान्य झाले. वरील उदाहरणातील १ कोटी जंतूंचे गोठविलेले योगर्ट या अटीच्या एक-दशांश इतकेच भरते. शिवाय त्यात दुधाची भुकटी जास्तीची घातलेली असल्यास दुग्धशर्कराही वाढते. पुन्हा पाश्चरीकृत केलेल्या पदार्थात तर मदतीस एंझाइमच नसते. दूध न सोसणाऱ्या व्यक्तीला ताजे योगर्ट सोसते, म्हणून गोठविलेलेही सोसेल असे गृहीत धरता येत नाही.

अतिसार (जुलाब), ॲलर्जी, रोगप्रतिकारशक्ती, कोलेस्टेरॉल इत्यादींसंबंधीचे बहुतेक प्रयोग योगर्टवर नव्हे, तर निवडक वाणांच्या ठरावीक मात्रांवर झालेले आहेत व त्यांचे निष्कर्ष सरमिसळ आहेत. प्रतिजैव औषधांमुळे होणाऱ्या जुलाबांना काही वाणांनी आळा बसतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. याउलट मुलांच्या तीव्र जठरांत्रदाहावर (उलट्या-जुलाबांच्या विकारावर) उपयुक्त म्हणून बरीच वर्षे दिला जाणारा ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ हा वाण अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक चाचणीत (२०१८) निरुपयोगी ठरला; तेथे दिलेली मात्रा दर वेळी १,००० कोटी जंतूंची, दिवसातून दोनदा अशी होती. भारतातील दोन चाचण्या उल्लेखनीय आहेत. कोलकात्यातील वस्त्यांत १ ते ५ वर्षांच्या सु. ३,७५० मुलांना शिरोता यांच्या वाणाचे पेय १२ आठवडे दिले असता अतिसाराचे प्रमाण साध्या पेयाच्या तुलनेने १४ टक्क्यांनी घटले (२०११ मध्ये प्रसिद्ध). ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात अर्भकांवर केलेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जंतूचा एक वाण व त्याला पोषक शर्करा आठवडाभर दिल्याने जंतुरक्तता (रक्तात जंतुसंसर्ग होणे) व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५·४ टक्क्यांवर आले (२०१७). हे यश लक्षणीय असले, तरी ते त्या वाणाचे, त्या मात्रेचे व त्या वयाचे आहे. त्याचा आधार घेऊन एखाद्या गोड खाद्यपदार्थाची थोरवी गाता येणार नाही.

जिवंत जंतू सर्वांनाच निर्धोक असतात असेही नाही. नेदर्लंड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायॉटिक मिश्रण दिले असता त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण १६ टक्के आढळले, तर न दिलेल्या गटात ते ६ टक्के होते (२००८). अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना अशी द्रव्ये देण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला. निरोगी माणसाने योगर्ट खाण्यात मात्र काही धोका नाही.

थंडीने जंतू मरत नाहीत, या वस्तुस्थितीची दुसरी बाजूही आहे. रोगकारक जंतूही मरत नाहीत. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जंतू फ्रिजच्या तापमानात वाढतो व गोठविल्यावर टिकून राहतो. २०१५ मध्ये अमेरिकेत आइसक्रीममधून त्याचा संसर्ग झाल्याचे उघडकीस आले व त्यात तीन रुग्ण दगावले. योगर्टमधील अम्लामुळे अशा जंतूंना काहीसा प्रतिबंध होतो, पण आंबटपणा कमी केलेल्या गोड प्रकारांत हे संरक्षण दुबळे होते. मऊ योगर्ट देणारी यंत्रे दररोज उघडून, धुऊन निर्जंतुक न केल्यास त्यांच्या नळ्यांत राहिलेल्या मिश्रणात दूषित जंतूंची वाढ होते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी दुकानाची स्वच्छता पाहूनच हा पदार्थ घ्यावा.

पोषणमूल्य : साध्या, साखर न घातलेल्या पूर्ण दुधाच्या योगर्टच्या १०० ग्रॅममध्ये सु. ६० किलोकॅलरी ऊर्जा, ३·३ ग्रॅ. स्निग्धांश व ४·७ ग्रॅ. शर्करा असते. मऊ गोठविलेल्या व्हॅनिला योगर्टमध्ये हे आकडे साधारणपणे १६० किलोकॅलरी, ५·६ ग्रॅ. व २४ ग्रॅ. असे असतात, व्हॅनिला आइसक्रीममध्ये ते सु. २०५ किलोकॅलरी, ११ ग्रॅ. व २१ ग्रॅ. असतात. म्हणजे आइसक्रीमशी तुलना केल्यास स्निग्धांश निम्म्यावर येतो, परंतु शर्करा कमी न होता किंचित वाढते. याला कारण आहे. थंडीने जिभेची गोडीची जाणीव मंदावते, आंबटपणा झाकण्यासाठी आणखी गोडी लागते आणि स्निग्धांश कमी केल्याने जाणारा मऊपणा भरून काढण्याचे कामही काही अंशी साखरच करते, कारण साखरेमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू उतरतो व पदार्थ दगडासारखा कडक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या व तत्सम शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे २,००० किलोकॅलरी आहारात ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी व शक्यतो ती याच्या निम्म्यावर आणावी. दुधातील अंगभूत शर्करा वजा केली, तरी योगर्टचा मोठा कप, वरून घातलेले चॉकलेटचे तुकडे, बिस्किटांचा चुरा व पाक यांसह यातील बराच वाटा एकट्यानेच व्यापतो. प्रथिने व कॅल्शियम यांच्या दृष्टीने गोठविलेले योगर्ट आइसक्रीमहून थोडे सरस असले, तरी साध्या दह्यापेक्षा ते महाग पडते.

मानके व वेष्टनावरील माहिती : कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्य मानकानुसार (२००३) योगर्टमध्ये टिकाऊपणाच्या मुदतीअखेर मूळ जंतू दर ग्रॅमला किमान १ कोटी असावे लागतात आणि वेष्टनावर इतर जंतूंचा उल्लेख असल्यास ते किमान १० लाख असावे लागतात; आंबविल्यानंतर तापविलेल्या पदार्थांना ही अट लागू नाही. अमेरिकेत योगर्टची कायदेशीर व्याख्या आहे, गोठविलेल्या योगर्टची नाही. तेथील उत्पादकांच्या संघटनेने ‘जिवंत व कार्यक्षम संवर्धन’ अशा अर्थाची ऐच्छिक मुद्रा सुरू केली असून तीसाठी साध्या योगर्टमध्ये दर ग्रॅमला १० कोटी, तर गोठविलेल्यात १ कोटी जंतू, तेही निर्मितीच्या वेळी, असणे पुरेसे मानले आहे. जाहिरातीतील शब्द एकच असला, तरी त्यामागील माप दहा पटींनी वेगळे आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रोबायॉटिक खाद्याच्या वेष्टनावर जंतूची प्रजाती, जाती व वाण, तसेच मुदतीअखेर राहणारी जिवंत जंतूंची किमान संख्या देणे अपेक्षित आहे. ‘योगर्टयुक्त’, ‘योगर्टच्या स्वादाचे’ अशा शब्दांवरून जिवंत जंतूंविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या योगर्टला तर वेष्टनच नसते. तेथे मिश्रण भुकटीपासून केले की ताज्या योगर्टपासून, एवढे तरी विचारून घ्यावे.

घरगुती प्रकार : घट्ट दह्याचा चक्का बांधून त्यात पिकलेल्या आंब्याचा किंवा केळ्याचा गर व बेताची साखर फेटून ते मिश्रण उथळ भांड्यात गोठविल्यास बाजारातील पदार्थाच्या जवळपास जाणारा प्रकार होतो. दर अर्ध्या तासाने दोन-तीनदा ढवळल्यास बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. चक्का बांधताना निवळीबरोबर दुग्धशर्करेचा काही अंश निघून जातो, जंतू मात्र बहुतांशी चक्क्यातच राहतात. साधे दही न घुसळता गोठविले, तर वितळल्यावर त्याची घडी मोडून पाणी सुटते व ते रवाळ लागते. असे दही पानात वाढण्याजोगे नसले, तरी विरजण म्हणून चालते. फक्त दूध लागण्यास नेहमीपेक्षा दोन-तीन तास अधिक लागतात.